विश्लेषण : पत्र्याच्या पागोळ्या, लोंबती फांदी, सरकलेले कुंपण... शेजाऱ्याशी हद्दीचा वाद कुठे आणि कसा मिटतो?

मृगाच्या पहिल्या सरीबरोबर अनेक वस्त्यांमध्ये जुनी भांडणे नव्याने उगवतात. शेजाऱ्याने उन्हाळ्यात टाकलेल्या पत्र्याचे पाणी थेट आपल्या भिंतीवर पडू लागते. त्याच्या शेवग्याची फांदी आपल्या कौलांवर आडवी होते. शेतात नांगरट करताना बांध वीतभर कोरलेला दिसतो. सुरुवात ‘जरा पन्हळ लावून घ्या’ अशा साध्या बोलण्याने होते. चार दिवसांत विषय ‘मुळात ही जागाच कुणाची?’ इथवर जातो आणि महिनाभरात दोन्ही घरे पोलिस ठाण्याच्या बाकावर बसलेली असतात.

या वादात गुंतलेली जमीन बहुधा अगदी थोडी असते. शंभर मीटर लांबीचा बांध एका बाजूने फूटभर सरकला, तर जागा होते साधारण ३० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. तरीही असे दावे वर्षानुवर्षे चालतात. चुकीच्या कार्यालयात चुकीची मागणी घेऊन जाणे, हे त्याचे एक मोठे कारण. त्यामुळे कोणता प्रश्न कुठे न्यायचा, कोणता कागद लागतो आणि गप्प बसल्यास काय गमावावे लागते, हे आधीच समजून घेतलेले बरे.

वाद हद्दीचा आहे की त्रासाचा?

सर्वांत आधी हे ठरवायला हवे. हद्दीचा वाद म्हणजे दोन मिळकतींमधली रेषा नेमकी कुठे आहे, याबद्दलचे मतभेद. त्रासाचा वाद म्हणजे रेषा कुठेही असो, पलीकडून येणारे पाणी, फांद्या, मुळे, सांडपाणी किंवा धूर यांमुळे होणारे नुकसान. दोन्हींचे कायदे वेगळे, कार्यालये वेगळी आणि उपायही वेगळे.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी दोन बैठी घरे आहेत आणि मधे चार फुटांचा बोळ. एकाने बोळाच्या बाजूला पत्र्याची पडवी काढली. पत्र्याचे पाणी शेजारच्या घराच्या भिंतीवर पडते, आतल्या खोलीला ओल येते. ज्याची भिंत ओली होते, तो रागाच्या भरात मोजणीचा अर्ज करतो. मोजणी होते आणि बोळ अर्धा-अर्धा असल्याचे निघते. पत्रा शेजाऱ्याच्या हद्दीतच आहे. हद्दीचा प्रश्न मिटला, पण भिंत ओलीच राहिली. कारण मूळ तक्रार पाण्याची होती, जागेची नव्हती.

याच्या उलटही घडते. फांद्या तोडण्यावरून दोन-तीन वर्षे भांडणारे शेजारी प्रत्यक्षात झाडाचा बुंधा कुणाच्या जागेत आहे, यावर अडलेले असतात. तिथे मोजणीशिवाय एकही पाऊल पुढे पडत नाही. म्हणून तक्रार लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : उद्या मोजणी शेजाऱ्याच्या बाजूने निघाली, तरी माझी तक्रार उरते का? उरत असेल तर वाद त्रासाचा आहे. उरत नसेल तर तो हद्दीचा आहे.

हद्द कोणत्या कागदावर दिसते?

‘सातबाऱ्यावर माझे एवढे क्षेत्र आहे’ हे वाक्य प्रत्येक वादात ऐकू येते. पण सातबारा क्षेत्र सांगतो, जमिनीचा आकार आणि हद्द सांगत नाही. हद्द पाहण्यासाठी गाव नकाशा, गट किंवा सर्व्हे नंबरचा नकाशा आणि पोटहिस्से झाले असतील तर त्यांच्या मोजणीचा नकाशा लागतो. या नोंदी भूमि अभिलेख कार्यालयात असतात.

शहरात आणि नगर भूमापन झालेल्या गावांत मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड, आणि त्यासोबतचा नगर भूमापन नकाशा महत्त्वाचा. बिगरशेती भूखंड असेल तर मंजूर रेखांकन पाहावे लागते. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. त्यांच्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साह्याने भूमापन करून मिळकत पत्रिका आणि सनदा देण्यात येत आहेत. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा अनेकांना मालकीचा पुरावा वाटतो. तो मुळात कर आकारणीचा कागद आहे. त्यावरून हद्द ठरत नाही.

खरेदीखतातल्या चतुःसीमाही वाचाव्यात. ‘पूर्वेस अमुक यांचे घर, मधे सामायिक बोळ’ असा उल्लेख तिथे सापडला, तर अर्धा वाद तिथेच संपतो. बोळ सामायिक असेल, तर तो अर्धा-अर्धा वाटून बंद करण्याचा अधिकार दोघांपैकी कुणालाच एकट्याने नसतो.

मोजणी कशी होते?

हद्दीच्या खुणा दाखवून घेण्यासाठी ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख कार्यालयात करावा लागतो. ई-मोजणी प्रणालीतून तो ऑनलाइनही करता येतो. अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, लगतच्या धारकांची नावे-पत्ते आणि मोजणी फी एवढे मुख्यतः लागते. पूर्वी साधी, तातडीची, अतितातडीची असे प्रकार होते. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवण्यात आले आहेत. फी क्षेत्रावर, जागा ग्रामीण आहे की शहरी यावर आणि निवडलेल्या प्रकारावर ठरते.

अर्जदाराला आणि लगतधारकांना मोजणीच्या तारखेची नोटीस दिली जाते. त्या दिवशी भूकरमापक जागेवर येऊन मूळ अभिलेखाच्या आधारे मोजमाप घेतो. पूर्वी शंकुसाखळी किंवा फलकयंत्राने होणारे हे काम आता अनेक ठिकाणी रोव्हरने होते. मोजणीनंतर हद्दीच्या खुणा दाखवून ‘क’ प्रत, म्हणजेच मोजणी नकाशा, दिली जाते.

या दिवशी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दोन्ही पक्षांनी हजर राहावे. नोटीस मिळूनही गैरहजर राहिलेला शेजारी नंतर ‘माझ्या पाठीमागे मोजणी झाली’ असे म्हणू लागला, तर त्या म्हणण्याचे वजन कमी होते. दुसरी, जुन्या दगडांच्या, निशाणीच्या झाडांच्या, विहिरीच्या कोपऱ्याच्या खुणा भूकरमापकाला दाखवाव्यात. तिसरी, दाखवलेल्या खुणांवर त्याच दिवशी, शक्य तर शेजाऱ्यासमोर, पक्के दगड किंवा खांब रोवावेत आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. चुन्याच्या रेघा पहिल्या पावसात वाहून जातात आणि वाद पुन्हा होता तिथे येतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा नीट राखण्याची जबाबदारी जमीनधारकाची आहे. खूण मुद्दाम पुसणे, हलवणे किंवा तिचे नुकसान करणे यासाठी संहितेत दंडाची तरतूद आहे. सरकारी अधिकाऱ्याने निश्चित केलेली खूण नष्ट करणे किंवा हलवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ खालीही गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मोजणी मान्य नसेल तर?

मोजणी चुकल्याचे वाटत असेल, तर निमताना मोजणीसाठी अर्ज करता येतो. त्यात उपअधीक्षक स्वतः पहिल्या मोजणीची तपासणी करतात. त्यावरही हरकत असेल तर जिल्हा अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या पातळीवर सुपर निमताना मोजणी होते. शेजाऱ्याला मोजणी पटली नाही म्हणून खांब उपटण्यापेक्षा त्याने हा मार्ग वापरावा, असे त्याला सांगणेही योग्य ठरते.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. भूकरमापक रेषा दाखवतो, अतिक्रमण काढून देत नाही. मोजणीत शेजाऱ्याची भिंत दोन फूट आत आल्याचे दिसले, तरी दुसऱ्या दिवशी ती पाडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. सर्व्हे नंबर किंवा पोटहिश्श्याची हद्द संहितेनुसार रीतसर निश्चित झाली असेल, तर चुकीचा ताबा काढण्याचे अधिकार कलम १३८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहेत. मात्र वाद मालकीचा किंवा जुन्या ताब्याचा असेल, तर शेवटचा शब्द दिवाणी न्यायालयाचाच असतो.

पाण्याच्या तक्रारीचे काय?

पागोळ्या, पन्हळीचे पाणी, सांडपाणी आणि पावसाचे वाहते पाणी या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. उताराच्या वरच्या जमिनीवरून पावसाचे पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीत येत असेल, तर खालच्या जमीनधारकाला ते सहसा स्वीकारावे लागते. पण छपराचे पाणी एकत्र करून पन्हळीने शेजाऱ्याच्या अंगणात सोडणे, हा नैसर्गिक प्रवाह नव्हे. तो हक्क आपोआप मिळत नाही.

मात्र मिळूच शकत नाही, असेही नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार एखादी गोष्ट सलग २० वर्षे, उघडपणे, शांततेने आणि हक्क म्हणून सुरू राहिली, तर तिचे रूपांतर कायदेशीर सुविधाधिकारात होऊ शकते. प्रकाश, हवा, वहिवाटीचा रस्ता, पाण्याचा निचरा ही त्याची नेहमीची उदाहरणे. म्हणजेच आजोबांच्या काळापासून पडणाऱ्या पागोळ्यांबाबत शेजाऱ्याचा दावा भक्कम असू शकतो, तर मागच्या उन्हाळ्यात टाकलेल्या पत्र्याबाबत तो जवळपास शून्य असतो. छप्पर कधी बदलले, कोणत्या बाजूने उतार दिला, हे सांगणारी जुनी छायाचित्रे, बांधकाम परवानगी किंवा पत्रा खरेदीची पावती इथे निर्णायक ठरते.

‘हक्क म्हणून’ हे शब्दही महत्त्वाचे. परवानगीने चाललेल्या गोष्टीतून सुविधाधिकार तयार होत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला पाणी सोडू द्यायचेच असेल, तर ‘ही तात्पुरती परवानगी आहे’ असा चार ओळींचा कागद दोघांच्या सहीने करून ठेवावा. मात्र त्या परवानगीच्या भरवशावर शेजाऱ्याने खर्च करून पक्के बांधकाम केले, तर ती परवानगी नंतर मागे घेता येत नाही, असे याच कायद्याचे कलम ६० सांगते. त्यामुळे कच्ची नाली आणि सिमेंटचे गटार यांत फरक करून, नेमकी कशाला संमती दिली आहे, ते लिहून ठेवावे.

शेतात पाण्याची वाट अडवली गेली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ उपयोगी पडतो. शेतजमिनीतून जाणारा पृष्ठभागावरील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बेकायदा अडवून नुकसान केले जात असेल, तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. वहिवाटीचा शेतरस्ता अडवल्यासही हाच मार्ग आहे. अट एकच : अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. ‘पुढच्या पावसाळ्यात बघू’ म्हटले की ही मुदत निघून जाते.

फांद्या आणि मुळे कोण तोडणार?

ज्याच्या जमिनीत बुंधा, त्याचे झाड. बुंधा नेमका हद्दीवर असेल तर ते सहसा सामायिक मानले जाते. फांदी आपल्या अंगणात आली म्हणून तिच्यावरचे आंबे आपले होत नाहीत. पण ती फांदी आपल्या जागेवर लोंबू देण्याचा हक्कही झाडाच्या मालकाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ‘लेमन विरुद्ध वेब’ या गाजलेल्या खटल्यात शेजाऱ्याला हद्दीपर्यंतच्या फांद्या, पलीकडे पाऊल न टाकता, छाटता येतात, असे ठरले. तेव्हापासून या विषयावरच्या चर्चेत हा निकाल कायम येतो.

महाराष्ट्रात मात्र कोयता हाती घेण्याआधी एक पायरी आहे. महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू आहे. तिथे झाड तोडणेच नव्हे, तर त्याला इजा करणेही परवानगीशिवाय गुन्हा ठरू शकते. त्यामुळे छाटणीसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे किंवा उद्यान विभागाकडे अर्ज करणे सुरक्षित. ग्रामीण भागात आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशा झाडांना १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागू होतो.

झाड वाळलेले, कललेले आणि पडण्याच्या बेतात असेल, तर प्रकरण वेगळे. पडल्यास शेजारच्या किंवा ये-जा करणाऱ्या लोकांना इजा होईल अशा स्थितीतील झाड, इमारत किंवा बांधकाम काढून टाकण्याचा वा दुरुस्त करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १३३ यासाठी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ आहे. अर्जासोबत छायाचित्रे जोडावीत आणि त्याची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीलाही द्यावी.

बांधकामच नियमबाह्य असेल तर?

बांधकाम शेजाऱ्याच्या स्वतःच्या जागेत असले, तरी सोडायचे सामासिक अंतर न सोडता केले असेल तर ते नियमबाह्य ठरते. अशा वेळी हद्दीवर भांडण्यापेक्षा बांधकाम परवानगी देणाऱ्या यंत्रणेकडे तक्रार करावी. शहरांत महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाचा बांधकाम विभाग किंवा नगरपालिका, तर गावात ग्रामपंचायत आणि महसूल यंत्रणा. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. ती हातात आली की ‘पडवी नकाशात आहे का’ याचे उत्तर लगेच मिळते.

वरच्या उदाहरणातील पडवीला परवानगीच नसेल, तर ओल्या भिंतीचा प्रश्न पागोळ्यांच्या वादात न शिरता मार्गी लागू शकतो. पण ही दुधारी तलवार आहे. तक्रार करणाऱ्याच्या घराचे बांधकामही तपासले जाण्याची शक्यता असते. त्यामुळे आधी आपला नकाशा पाहावा, मग दुसऱ्याचा मागावा.

पोलिस काय करू शकतात?

‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ हे उत्तर अनेकांना टोलवाटोलवी वाटते. बऱ्याचदा ते बरोबर असते. रेषा कुठे आहे, हे पोलिस ठरवू शकत नाहीत. मात्र मारहाण, धमकी, घरात घुसणे, कुंपण तोडणे, खुणा उपटणे या फौजदारी बाबी आहेत आणि त्यांची तक्रार घटनेच्या दिवशीच द्यायला हवी. अदखलपात्र नोंद झाली तरी तिची प्रत घ्यावी. जमिनीच्या किंवा पाण्याच्या वादातून शांततेचा भंग होण्याची शक्यता असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी प्रत्यक्ष ताबा कुणाचा आहे, याची चौकशी करून तात्पुरता आदेश देऊ शकतात. मालकीचा निर्णय त्यातून होत नाही.

आपल्या सुविधाधिकारात आलेला अडथळा स्वतः हटवण्याची मुभाही कायदा देत नाही. सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ३६ हे स्पष्ट सांगते. वहिवाटीच्या रस्त्यावर घातलेली काटेरी तार रात्रीत कापणारा माणूस सकाळी तक्रारदाराऐवजी आरोपी झालेला असतो.

गप्प बसण्याची किंमत किती?

शेजारधर्म म्हणून अनेक जण दुर्लक्ष करतात. त्यात चूक काहीच नाही, पण घड्याळ चालू असते. लक्षात ठेवण्याच्या मुदती चार.

• सहा महिने : शेतरस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडवल्यास तहसीलदारांकडे दावा करण्यासाठी.

• सहा महिने : आपल्याला बळजबरीने ताब्यातून बाहेर काढले गेल्यास, मालकी सिद्ध न करता ताबा परत मागण्यासाठी (विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३, कलम ६).

• १२ वर्षे : मालकीच्या आधारे खासगी व्यक्तीकडून ताबा परत मागण्यासाठी. शेजाऱ्याने उघडपणे, आपल्या हक्काविरुद्ध एवढा काळ कब्जा ठेवला, तर तो प्रतिकूल ताब्याचा दावा करू शकतो. असा ताबेदार बचावापुरताच नव्हे, तर स्वतः दावा लावूनही हा हक्क मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

• २० वर्षे : पागोळ्या, निचरा, रस्ता, प्रकाश यांसारख्या गोष्टींचे सुविधाधिकारात रूपांतर होण्यासाठी.

यासाठी दर वर्षी भांडण उकरून काढण्याची गरज नाही. ‘तुमच्या पडवीचे पाणी माझ्या भिंतीवर पडते, त्याला माझी संमती नाही’ असे तारखेसह लिहिलेले एक सभ्य पत्र आणि त्याची पोहोच जपून ठेवली, तर नंतर ‘इतकी वर्षे कुणी हरकतच घेतली नाही’ हे म्हणणे टिकणे अवघड होते. मात्र पत्राने मुदत थांबत नाही. मुदत संपत आली असेल, तर दावाच दाखल करावा लागतो.

शेजाऱ्याशी बोलायचे कसे?

निम्मे वाद मागणी नीट न सांगितल्याने चिघळतात. ‘तुमचं नेहमीचंच आहे’ या वाक्याला उत्तर भांडणच असते. त्याऐवजी ‘काका, पत्र्याला या बाजूने वीस फूट पन्हळ लावली आणि पाइप पुढच्या गटारात सोडला, तर भिंत कोरडी राहील. पन्हळीचा निम्मा खर्च मी देतो’ असे म्हटले, तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येते. बोलणे पावसात, ओल्या भिंतीसमोर आणि चारचौघांत होऊ नये. सुट्टीच्या दिवशी सकाळी, दोन्ही घरांतील एकेका जाणत्या माणसासह झाले, तर बरे.

खर्च वाटून घेण्याची तयारी दाखवली म्हणजे चूक कबूल केली, असे समजण्याचे कारण नाही. लेखी प्रस्तावात ‘माझे हक्क राखून, केवळ समझोत्यासाठी’ असे लिहिता येते. पन्हळ आणि पाइपचा खर्च वकिलाच्या पहिल्या फीपेक्षाही कमी असू शकतो, हा हिशेब दोघांनाही कळतो.

घरगुती बोलणी फिसकटली, तर गावात तंटामुक्ती समिती आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत दिवाणी आणि महसुली तंटे सामोपचाराने मिटवण्याची सोय आहे. मध्यस्थ मात्र दोघांना मान्य असणारा हवा. एका भावकीतल्या माणसाने दुसऱ्या भावकीला समजावण्याचा प्रयत्न केला, तर हद्दीचा वाद गावकीचा होतो.

त्याहून भक्कम मार्ग म्हणजे तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करणे. दावा न लावताही वाद लोकअदालतीत ठेवता येतो. तिथे तडजोड झाली की होणारा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो आणि त्यावर अपील नसते. आधीच दावा लावलेला असेल आणि तो लोकअदालतीत मिटला, तर भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते.

शेतजमिनीत दोन शेतकऱ्यांचे ताबे किमान १२ वर्षांपासून अदलाबदल झाले असतील, म्हणजे एकाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे, तर २०२३ मध्ये सुरू झालेली सलोखा योजना पाहावी. अशा अदलाबदलीच्या दस्तासाठी नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी आकारण्याची सवलत तिच्यात आहे. अर्ज करताना योजनेची चालू मुदत तलाठ्याकडे विचारून घ्यावी.

समझोता कागदावर कसा उतरवावा?

‘यापुढे गुण्यागोविंदाने राहू’ एवढे लिहून भागत नाही. कागदावर पुढील गोष्टी असाव्यात.

• मोजणी नकाशाचा क्रमांक, तारीख आणि दोघांना हद्द मान्य असल्याचा उल्लेख.

• काम नेमके काय : पन्हळ किती फूट, पाइप कुठे सोडायचा, कुंपण कुणाच्या बाजूला, किती उंच.

• खर्च कुणाचा किती आणि काम कोणत्या तारखेपर्यंत.

• पुढची देखभाल : पन्हळ साफ करणे, फांद्या वर्षातून कधी छाटणे, त्यासाठी शेजारच्या जागेत जाऊ देणे.

• ही परवानगी आहे की कायमचा हक्क, याचा स्पष्ट उल्लेख.

• घर विकले तर नव्या मालकाला काय सांगायचे.

जागेची पट्टी एकमेकांना द्यायची असेल किंवा कायमचा रस्त्याचा हक्क द्यायचा असेल, तर नोटरी केलेला स्टॅम्पपेपर पुरत नाही. नोंदणीकृत दस्त करावा लागतो. ‘तोंडी ठरले होते’ हे पुढच्या पिढीला ठाऊक नसते आणि भांडणे बहुधा तिथेच पेटतात.

न्यायालयात कधी जावे?

शेजारी काम सुरू ठेवून भिंत चढवत असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. दिवाणी न्यायालयात मनाईहुकमाचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईसाठी अर्ज करावा लागतो. भिंत पूर्ण झाल्यावर ती पाडण्याचा आदेश मिळवणे, ती चढत असताना थांबवण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. हद्दीचा मुद्दा असेल तर न्यायालय आयुक्त नेमून, अनेकदा भूमि अभिलेख अधिकाऱ्यामार्फतच, मोजणी करून घेते. त्यामुळे आधी करून घेतलेली मोजणी, खुणांची छायाचित्रे आणि पत्रांची पोहोच इथे कामी येते.

उलट, आपण आपल्या हद्दीत काम सुरू करणार असू आणि शेजारी एकतर्फी स्थगिती आणेल अशी भीती असेल, तर न्यायालयात कॅव्हेट दाखल करता येते. ते ९० दिवस प्रभावी असते आणि त्या काळात आपल्याला सूचना दिल्याशिवाय सहसा आदेश होत नाही.

सुरुवात कुठून करावी?

वाद ताजा असेल तर या आठवड्यात एवढे करता येईल. तक्रार हद्दीची की त्रासाची, हे एका वाक्यात लिहावे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नकाशा आणि खरेदीखत एकत्र काढावे. ओल, फांदी, कोरलेला बांध यांची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. हद्द संशयास्पद असेल तर मोजणीचा अर्ज करावा, तो शेजाऱ्यासोबत मिळून केला तर उत्तम. त्यानंतर एक नेमकी मागणी घेऊन शेजाऱ्याच्या दारात जावे.

कागद तयार असलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही. शिवाय निकाल कुणाच्याही बाजूने लागला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही त्याच बोळातून, त्याच बांधावरून जायचे असते. पन्हळ दिवाळीआधी लागली की निकालानंतर, एवढाच काय तो फरक उरतो.